ओढ्याने दुभंगलेले गाव

जर्मनीतील म्योडलारॉइट हे जेमतेम ५० वस्तीचे खेडे बव्हेरिया आणि थुरिंगिया या राज्यांच्या सीमेवर वसले आहे. गावाच्या मधून तान्नबाख नावाचा ओढा वाहतो. सहज ओलांडता येईल एवढाच. १८१० मध्ये तो बव्हेरियाचे राज्य आणि रॉइस संस्थान यांची सीमा ठरला, पण गावाचे त्यामुळे फारसे अडले नाही. शाळा आणि खानावळ थुरिंगियाच्या बाजूला होती, तर प्रार्थनेसाठी ग्रामस्थ बव्हेरियातील ट्योपेनच्या चर्चमध्ये जात.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र एका काठावर अमेरिकेचा, तर दुसऱ्यावर सोव्हिएत रशियाचा अंमल आला. १९४९ मध्ये दोन जर्मन राष्ट्रे अस्तित्वात आली. पूर्व जर्मनीने १९५२ मध्ये लाकडी कुंपण घातले आणि १९६६ मध्ये ७०० मीटर लांबीची, तीन मीटरहून उंच काँक्रीटची भिंत बांधली. पलीकडच्या आप्तांना हात हलवून खूण करण्याचीही पूर्वेकडील ग्रामस्थांना मनाई होती! अमेरिकी सैनिक या गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणत.

बर्लिनची भिंत खुली झाल्यावर येथील वाट मोकळी होण्यास आणखी महिना लागला. ९ डिसेंबर १९८९ रोजी पादचाऱ्यांसाठी मार्ग उघडला आणि १७ जून १९९० रोजी बुलडोझरने भिंत पाडण्यात आली. तिचा काही भाग संग्रहालयासाठी राखून ठेवला आहे.

देश एक झाला, तरी राज्यांची सीमा ओढ्यावरच राहिली. निम्म्या गावाचा कारभार ट्योपेनकडे, निम्म्याचा गेफेल नगरपालिकेकडे आहे. पिनकोडही दोन. बव्हेरियाच्या काठावर ‘ग्र्यूस गॉट’ म्हणून अभिवादन करतात, पलीकडे ‘गुटेन टाग’.