खेळाला विटाळ नाही

इसवी सनापूर्वी २५६ च्या सुमाराला तुम्ही सोपाऱ्याच्या बंदरात उभे आहात. समोर खाडी आहे, पण विरार लोकल नाही, रिक्षांची रांग नाही. गलबतांतून माल उतरतोय. काळ्या दगडावर एक कारागीर ब्राह्मी अक्षरं खोदतोय आणि शेजारी उभा असलेला माणूस ती मोठ्यानं वाचून दाखवतोय. भाषा अर्धीमुर्धी कळते, मुद्दा मात्र पुरता कळतो. राजा सांगतोय की पूर्वीचे राजे विहारयात्रांना निघत, शिकार करत, मौज करत. राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर मी बोधिवृक्षाकडे गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या.

अशोकाचा हा आठवा लेख. त्याचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना इथेच सापडणार आहे. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये भुईगावला मिळेल. तेच भुईगाव, जिथे सुट्टीच्या दिवशी तुम्ही समुद्रावर जाता. त्या लेखात राजा आणखी रोखठोक आहे: आजारपणात, लग्नकार्यात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, बायका तर फारच, आणि हाती लागतं थोडं. (बायकांच्या माथी मारायची खोड किती जुनी, बघा.)

मौज आणि विधी, दोन्हींना राजानं इथे एकाच दमात बाजूला सारलं. विधींना नकार कायम ठेवून मौजेला मात्र खुशाल हो म्हणणारी माणसं भेटायची तर सोळाशे वर्षं पुढे चला.

आता तुम्ही पंजाबात आहात, घुमानला. इथे मुक्कामाला आलेला माणूस आपलाच, शिंपी नामदेव. त्याच्या एका पदात कागद कापून पतंग करतात, तो आभाळात चढतो, उडवणारा सोबत्यांशी गप्पा मारत राहतो आणि चित्त मात्र दोऱ्यावर ठेवतो. नाम असं धरावं, एवढंच त्याचं म्हणणं. पतंग खाली ठेव, आंघोळ कर, मग देवाचं नाव घे, असं तो म्हणत नाही. दुसऱ्या एका पदात तो देवपूजेचीच पंचाईत करतो. घागर भरून पाणी आणावं तर त्यात आधीच जीव वावरलेले, फुलाचा वास भुंग्यानं घेतलेला, दूध वासरानं उष्टावलेलं. आता देवाला अस्पर्श असं काय वाहणार? देवाचं पाणी वेगळ्या कळशीत भरणाऱ्या तुमच्या आजीला हे ऐकवायचं धाडस तुमच्यात नसेल. नामदेवांत होतं.

शिखांचे गुरू अर्जनदेव यांनी १६०४ मध्ये आदिग्रंथ सिद्ध केला, त्यात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि ही दोन्ही त्यांतलीच. सुतकाबद्दल गुरू नानकांचा युक्तिवाद याच वळणाचा आहे: सुतक मानायचंच तर शेणात आणि लाकडात किडे आहेत, धान्याच्या दाण्यात जीव आहे, मग स्वयंपाकघर शुद्ध राहील कसं? शीख विचाराचा हा कणा म्हणावा लागेल. दुसरे गुरू अंगददेव खडूर साहिबला पोरांसाठी कुस्तीचा आखाडा घालतात, ते याच समजुतीतून. मातीनं अंग मळतं, माणूस बाटत नाही.

आता सप्टेंबर १७०८. तुमची वसई अजून पोर्तुगीजांकडे आहे, तिथे फार रेंगाळू नका. लोकांच्या जुन्या चालीरीतींवर गोव्याच्या इन्क्विझिशनचा डोळा आहे. पुढे १७३६ च्या फर्मानात ते गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत मीठ न घालता भात शिजवायलाही मनाई करेल. त्यापेक्षा सरळ नांदेडला या. गोदावरी पावसानं गढूळ झालीय आणि काठावर गुरू गोविंदसिंगांचा तळ पडलाय. माधोदास बैराग्याच्या मठात गोंधळ उडालाय. परंपरा सांगते की गुरू थेट त्याच्या आसनावर जाऊन बसले आणि शिखांनी तिथेच बकरे कापून शिजवले. बैरागी संतापून येतो आणि शिष्य होऊन उठतो. पुढचा बंदासिंग बहादूर तो हाच. मला विचाराल तर या कथेतला धसमुसळेपणा मला पटत नाही. दुसऱ्याच्या चुलीचं सोवळं मोडणं सोपं असतं.

नदीच्या काठावर शिकारघाट आहे. गुरूंनी तिथे शिकार केली म्हणून हे नाव. सोपाऱ्याच्या दगडानं सोडून दिलेली करमणूक इथे घाटाला नाव देऊन गेली. सात वर्षांपूर्वी आनंदपूरला याच गुरूंनी होळीच्या दुसऱ्या दिवशी होला महल्ला सुरू केला: लुटुपुटूच्या लढाया, घोडेस्वारी, शस्त्रांचे खेळ. नांदेडला आजही होळीनंतर हल्लाबोल निघतो.

फार भारावून मात्र जाऊ नका. याच नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिबमध्ये रोज गोदावरीचं पाणी गागरीतून येतं आणि सेवेचे कडक नेम आहेत. होल्याला निहंग भांग घोटतात, रहित मर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारसंहितेत, भांगेला मनाई असूनही. पंजाबातल्या कित्येक गावांत दलितांचे गुरुद्वारे वेगळे आहेत. विटाळ ग्रंथातून गेला म्हणून गावातून जातोच असं नाही.

परत या. रविवार आहे, वसईतल्या एका रिसॉर्टचा तरणतलाव आहे, पोरं काठावर शिवाशिवी खेळताहेत. एक अमृतधारी शीख मुलगा पाण्यात उतरायला निघालाय. डोक्याला छोटा पटका, कडं, कच्छेरा, खांद्यावरून घेतलेल्या गातऱ्यात, म्हणजे पट्ट्यात, छोटी कृपाण. जीवरक्षक म्हणतो, सगळं काढून ये. मुलगा नाही म्हणतो. बघणाऱ्यांना वाटतं, हेही सोवळंच. तसं नाही. ककार, म्हणजे अंगावरची ही शीख चिन्हं, पाण्यानं बाटतील ही भीती त्यामागे नाही. अमृत घेताना दिलेलं वचन आहे आणि ते पोहतानाही सुटत नाही. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीनं १९४५ मध्ये मंजूर केलेली रहित मर्यादा शिवाशिव, मुहूर्त, शकुन, एकादशीचा उपास सगळं नाकारते. केस कापणं, कुठ्ठा (हलाल पद्धतीचं) मांस, व्यभिचार आणि तंबाखू या चार गोष्टी मात्र ती सक्त वर्ज्य मानते. जुगारही नको म्हणते.

तेव्हा तुमचा शीख मित्र पुढच्या रविवारी अर्नाळ्याला आला तर त्याला खुशाल पाण्यात ओढा, कबड्डीत पाडा, पत्त्यांचा डाव मांडा. पैसे लावू नका, कडं काढायला सांगू नका आणि त्याच्यापुढे सिगारेट धरू नका.