‘जन्मजात’ या शब्दाची परीक्षा

आमच्या नगर जिल्ह्यातल्या अभ्यासवर्गांत समलिंगी माणसांचा विषय काढला, की एक प्रश्न हमखास येतो : दलित चळवळीचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो इतिहासातच आहे.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना ते उघड उत्तरे देत. त्यावरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुणे कराराला दोन वर्षेही झाली नव्हती. कामाचा डोंगर होता. तरीही त्यांनी हे वकीलपत्र घेतले आणि हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेऊन लैंगिक ज्ञान म्हणजे अश्लीलता नव्हे, असा युक्तिवाद केला. खटला हरला. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

क्राफ्ट-एबिंग यांनी १८८६ साली समलिंगी आकर्षणाला विकृतीच्या यादीत घातले होते. एलिस यांनी १८९७च्या ग्रंथात ते बहुतांशी जन्मजात मानले. रोग वा गुन्हा मानले नाही. फ्रॉइड यांनी बालपणीच्या घडणीत त्याची कारणे शोधली. पण १९३५च्या एका पत्रात तो आजार नसल्याचे स्पष्ट लिहिले. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ साली, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली ते रोगांच्या यादीतून काढले. पावणेपाच लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे एकच एक जनुक सापडले नाही; अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा दिसला. जनुके पाहून कुणाचा लैंगिक कल सांगता येत नाही.

‘जन्मजात आहे, म्हणून गुन्हा नाही’ हा युक्तिवाद आकर्षक वाटतो. पण ‘जन्म’ या शब्दाचा आपल्याइतका अनुभव कुणाला आहे? वर्णव्यवस्था जन्मावरच उभी राहिली. १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवले. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांवर पाळत होती. आमच्याकडचे पारधी तो शिक्का अजून सोसतात. जन्म सिद्ध झाल्याने त्यांची सुटका झाली नाही; जन्मच गुन्हा ठरला. म्हणून कारणाचा शोध विज्ञानाने जरूर घ्यावा, पण हक्क त्या शोधाच्या निकालावर टांगता कामा नये. हक्क माणूसपणातून येतो.

जात टिकते ती लग्नावरच्या पहाऱ्याने, हे बाबासाहेबांनी १९१६ सालीच दाखवले. आमच्या जिल्ह्यात सोनईला २०१३ साली आणि खर्ड्याला २०१४ साली दलित तरुणांचे खून झाले, ते सवर्ण मुलीशी प्रेमसंबंधाच्या कारणावरून. कुणी कुणावर प्रेम करावे हे ठरवण्याचा जो अधिकार जात स्वतःकडे घेते, तोच अधिकार समलिंगी मुलामुलींवरही चालवला जातो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. २०२३ साली विवाहाचा हक्क मात्र नाकारला. न्यायालयाचे काम न्यायालय करील. पण वस्तीतला समलिंगी पोरगा गावात जातीने आणि घरात लाजेने कोंडला जात असेल, तर त्याच्यासाठी दार उघडणे हे आपलेच काम आहे. बाबासाहेबांनी ते १९३४ साली केले होते.