महापालिका शाळांचा दहावीचा निकाल : टक्क्यांमागचे विद्यार्थी

दहावीचा निकाल जाहीर झाला की मुंबई महापालिकेच्या माध्यमिक शाळांचा टक्का किती, हा प्रश्न हमखास विचारला जातो. टक्का वाढला तर शिक्षण विभागाची पाठ थोपटली जाते, घसरला तर त्यालाच धारेवर धरले जाते. परंतु हा टक्का नेमके काय मोजतो आणि या वर्गांत कोणती मुले बसतात, याकडे फारसे लक्ष जात नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतील महापालिका शाळांचा विचार करताना मात्र हे दोन्ही प्रश्न टाळता येत नाहीत.

एका वर्षात वीस टक्क्यांची घसरण

२०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के, तर महापालिका शाळांचा ७३.८१ टक्के होता. २०१९ मध्ये राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला आणि महापालिका शाळांचा थेट ५३.१४ टक्क्यांवर. म्हणजे राज्य बारा टक्क्यांनी घसरले, तर महापालिका शाळा वीस टक्क्यांहून अधिक. त्यानंतरच्या वर्षी, २०२० मध्ये, हेच आकडे अनुक्रमे ९५.३० आणि ९३.२५ टक्के झाले. राज्य आणि महापालिका शाळा यांच्यातील सुमारे चोवीस टक्क्यांचे अंतर बारा महिन्यांत दोन टक्क्यांवर आले.

एवढ्या अवधीत ना शिक्षक बदलले, ना वस्त्या. बदलली होती ती परीक्षेची पद्धत. २०१९ च्या परीक्षेसाठी भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांचे शाळेकडे असलेले २० अंतर्गत गुण बंद करून १०० गुणांची लेखी परीक्षा घेण्यात आली. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता. निकालानंतर राज्यभर ओरड झाली आणि २०२० च्या परीक्षेसाठी अंतर्गत गुण पुन्हा सुरू झाले. शिवाय त्या वर्षी करोनामुळे भूगोलाची परीक्षा रद्द होऊन त्या विषयाला सरासरीने गुण देण्यात आले.

अंतर्गत गुणांचा परिणाम समजण्यासाठी साधे गणित पुरे. उत्तीर्ण होण्यास ३५ गुण लागतात. तोंडी परीक्षा व गृहपाठ यांचे २० पैकी १५ गुण मिळालेल्या मुलाला ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २० गुण पुरतात. अंतर्गत गुण नसतील तर त्याच मुलाला १०० पैकी ३५ गुण लेखीतच मिळवावे लागतात. साठ-सत्तर गुण मिळविणाऱ्याच्या उत्तीर्ण होण्यावर याचा काहीच परिणाम होत नाही. पस्तिशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला मात्र अडखळतो. २०१९ च्या निकालाने महापालिका शाळांतील किती मुले या उंबरठ्यावर आहेत, तेच उघड केले.

पुढेही हे अंतर कमी-जास्त होत राहिले. २०२१ मध्ये परीक्षाच रद्द झाली आणि नववीचे गुण व दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांवर लागलेला राज्याचा निकाल ९९.९५ टक्के होता. २०२३ मध्ये राज्याचा निकाल ९३.८३, तर महापालिका शाळांचा ८४.७७ टक्के लागला. २०२४ मध्ये हे आकडे ९५.८१ आणि ९१.५६ टक्के होते.

वर्गात कोण बसते?

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी स्वतंत्र झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके. घाटकोपर आणि मुलुंड हे कुर्ला तालुक्यात येतात. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाख ५६ हजारांवर होती आणि साक्षरता ९० टक्क्यांच्या आसपास. ही सरासरी फसवी आहे. त्याच जनगणनेत बृहन्मुंबईतील सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत असल्याची नोंद आहे. महापालिका शाळांचा पट प्रामुख्याने याच वस्त्यांतून भरतो.

घाटकोपरच्या असल्फ्याची टेकडी, रमाबाई आंबेडकर नगर, अंधेरीचे मरोळ-साकीनाका, मालाडची मालवणी, गोवंडीचे शिवाजीनगर ही त्यातली ठळक नावे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व विभाग तळाला होता. त्याचा निर्देशांक ०.०५, तर मलबार हिल परिसराच्या डी विभागाचा ०.९६ होता. हाच एम पूर्व महापालिका शाळांतील विद्यार्थिसंख्येच्या दृष्टीने मोठा विभाग आहे.

बिगारी, घरकामगार, रिक्षाचालक, फेरीवाले यांची ही मुले. अनेकांच्या घरी दहावीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच. दहा बाय बाराच्या खोलीत अभ्यासाला कोपरा नसतो, शिकवणीचे शुल्क परवडत नाही. त्यात घर हलले की शाळाही सुटते. रेल्वे आणि रस्ते प्रकल्पांत विस्थापित झालेली कुटुंबे मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत गेली, तेव्हा मुलांना नवी शाळा आणि कधी नवे माध्यमही शोधावे लागले.

माध्यमांची बदलती मांडणी

मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शिक्षण देणारी ही देशातील एक आगळी व्यवस्था. २०१० च्या दशकाच्या प्रारंभी चार लाखांवर असलेली तिची पटसंख्या दशकाच्या अखेरीस तीन लाखांच्या आसपास आली. सर्वांत जाणवणारी गळती मराठी माध्यमाची. कामगार वर्गातील मराठी पालकही इंग्रजी माध्यमाकडे वळले. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकविणारे सेमी इंग्रजी वर्ग हा त्यावरचा एक उपाय ठरला.

२०२० मध्ये जोगेश्वरी पूर्वेच्या पूनमनगरात महापालिकेची सीबीएसई शाळा सुरू झाली. पुढच्या वर्षी मुलुंडची मिठागर आणि विद्याविहारची राजावाडी यांसह आणखी शाळांची भर पडली. तेथे प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. पालकांचा रोष महापालिकेच्या नावावर नाही, हे यातून दिसले. मात्र अर्ज भरून सोडतीची वाट पाहणारा पालक मुळातच सजग असतो. त्यामुळे या शाळांच्या यशाची तुलना शेजारच्या जुन्या शाळेशी करणे न्याय्य ठरत नाही.

आठवीनंतरची चाळण

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याने सहा ते चौदा वयोगटाला मोफत शिक्षणाची हमी दिली आणि आठवीपर्यंत अनुत्तीर्ण करण्यास मनाई केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाचवी आणि आठवीच्या परीक्षांची मुभा राज्यांना मिळाली. नववी-दहावी मात्र कायद्याच्या हमीबाहेरच राहिली.

महापालिकेच्या प्राथमिक शाळांच्या तुलनेत माध्यमिक शाळा कमी आहेत. अनेक मुलांना सातवी-आठवीनंतर दुसरी शाळा गाठावी लागते. ती रेल्वेरुळापलीकडे किंवा महामार्गापलीकडे असेल, तर पहिली गळती मुलींची होते. आठवीपर्यंत पुढे सरकलेल्या मुलाचे कच्चे वाचन आणि गणित नववीत प्रथमच उघडे पडते. नववीत मागे राहिलेला किंवा शाळा सोडलेला विद्यार्थी दहावीच्या टक्केवारीत मोजलाच जात नाही. म्हणून पाचवीत दाखल झालेल्या शंभर मुलांपैकी दहावी किती जण उत्तीर्ण झाले, हा आकडा निकालाच्या टक्क्याहून अधिक बोलका ठरेल.

महापालिका २००७ पासून गणवेश, दप्तर, पुस्तके यांसह २७ वस्तू मोफत देते. २०१५ मध्ये आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब देण्यात आले. या योजनांनी मूल शाळेत येण्याचा खर्च कमी झाला, हे नाकारता येणार नाही. परंतु पस्तिशीच्या उंबरठ्यावरच्या मुलाला पाचवी-सहावीतच वाचन आणि गणितासाठी जादा तास हवेत, नववीत आपल्या वस्तीजवळ वर्ग हवा आणि वर्षभर टिकणारा विषयशिक्षक हवा. उंबरठ्यावरची ही मुले आजही त्याच वर्गांत आहेत. परीक्षेची पद्धत पुन्हा बदलली, तर सर्वांत आधी तीच अडखळतील.