पांढऱ्या पट्ट्याची फियाट

परवा रविवारी कोथरूडला काकांकडे गेलो होतो. पार्किंगमध्ये आजोबांनी घेतलेली १९६८ ची फियाट. दर पाच वर्षांनी होणारं तिचं पासिंग पुन्हा आलंय. चुलतभाऊ म्हणतो, भंगारात द्या. काका म्हणतात, पासिंग करू आणि पांढऱ्या पट्ट्याचे टायरही टाकू! म्हटलं, "काका, आता ही शायनिंग कशाला?" पण घरी येऊन वाचत बसलो, आणि उडालोच.

रबर मुळात काळं नसतंच. झाडाचा चीक पांढरट, वर सुरुवातीच्या टायरात झिंक ऑक्साईड घालायचे. मिशेलिनचा तो टायरांचा गुबगुबीत माणूस (जन्म १८९८) पांढरा का, तर तेव्हा टायरच फिक्कट होते! पुढे १९०४ च्या सुमारास लंडनच्या सिल्व्हरटाउनमधल्या एका कारखान्यात कळलं की काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, घातली की रबर भलतंच टिकाऊ होतं. मग जिथे झीज, तिथेच काजळी: रस्त्याला लागणारा भाग काळा, बाजू पांढऱ्या. म्हणजे पांढरी बाजू ही साधी गोष्ट, आणि घासावा न लागणारा पूर्ण काळा टायर श्रीमंतांचा. १९३० च्या दशकात सगळं उलटलं आणि पांढरा पट्टा फॅशन झाला. दुसऱ्या महायुद्धात मालाच्या टंचाईने तो गेला, मग परत आला, आणि १९६२ पर्यंत अमेरिकेत रुंद पट्टा बारीक होऊन बोटभर उरला.

आपल्याकडे गाड्या बनवायला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. तिथलीच ही ११००. १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं, पण लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणाले. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या.

पट्टा रंगवताही येतो, पण तो रंग टिकत नाही. खऱ्या टायरात आत पांढऱ्या रबराचा थर असतो, वरचं काळं घासून तो उघडा करतात. रिमपाशी अडकवायच्या पांढऱ्या रिंगाही मिळतात. काकांना सांगितलं, रिंगा बघू.

त्यांनी अल्बम काढला. फोटोत गाडीसमोर आजोबा, पुढच्या चाकाला झकास पट्टा, मागचं मात्र ठार काळं. विचारलं, हे काय?

"अरे, पंक्चर झालं होतं. ती स्टेपनी. पाचवा पांढरा घ्यायला पैसे उरले नव्हते."