सनद, नामाभिधान आणि मुद्रा : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

वकिलीच्या परवान्यास मराठीत आजही ‘सनद’ म्हणतात. हा शब्द मूळचा अरबी. फारसी दफ्तराच्या मार्गाने तो मराठीत रुळला. मराठेशाहीत वतन, इनाम किंवा अधिकार देणारे पत्र म्हणजे सनद. त्या काळच्या राजपत्रांवर शिक्का होई आणि मजकूर संपे तेथे मोर्तब उमटे. मोर्तब केवळ शोभेचे नव्हते; त्यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, अशी सीमा ते आखून देई. सनद धारकाच्या हाती येई; मुद्रा मात्र देणाऱ्याचीच राही. व्यावसायिक नियमनाचे मर्म या भेदात आहे.

‘वकील’ या शब्दाचा अर्थही पालटला. पेशवाईत दुसऱ्या दरबारी राहणारा प्रतिनिधी तो वकील. इंग्रजी अमलात न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडणारा तो वकील झाला. ब्रिटिश हिंदुस्थानातील १८७९ च्या कायद्याने प्लीडर, मुखत्यार, रेव्हेन्यू एजंट अशा श्रेणी वेगळ्या मानल्या. प्रत्येकाच्या अधिकाराचे क्षेत्र निराळे होते. लोकांच्या तोंडी मात्र बहुधा एकच शब्द असे.

वऱ्हाडात अधिकाराचा उगमच दुहेरी होता. १८५३ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, तरी सार्वभौमत्व निजामाचे राहिले. १९०२ च्या करारानंतरही येथे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे आपोआप लागू होत नसत. त्यांसाठी स्वतंत्र आज्ञा लागे. १९०५ मध्ये वणी जिल्ह्यास यवतमाळ हे नाव मिळाले. वणीचे माधव श्रीहरी अणे यांनी १९०७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली आणि १९०८ मध्ये यवतमाळ येथे वकिली आरंभिली. विद्यापीठाची पदवी, व्यवसायाची अनुज्ञा आणि लोकांनी दिलेले ‘वकीलसाहेब’ हे संबोधन या तीन वेगळ्या गोष्टी होत. पहिली ज्ञानाची साक्ष देते, दुसरी अधिकार देते, तिसरी केवळ आदर दर्शविते.

१९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने जुन्या श्रेणींचे पर्व संपविले व ‘ॲडव्होकेट’ हा एकच वर्ग मान्य केला. ज्येष्ठ व इतर एवढाच भेद त्यात उरला. अनधिकृतपणे वकिली करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद झाली. भारतीय वकील परिषदेच्या नियमांनी नामफलकाचीही मर्यादा ठरविली : फलक माफक आकाराचा असावा, आणि आपण वकील परिषदेचे अध्यक्ष वा सदस्य आहोत किंवा होतो, असे त्यावर सूचित करू नये. म्हणजे नियामक संस्थेची प्रतिष्ठा सदस्याच्या धंद्याचे भांडवल होऊ नये, हा हेतू स्पष्ट आहे.

वैद्यकातही हेच घडले. १९१६ च्या इंडियन मेडिकल डिग्रीज ॲक्टने नावापुढे खोटी वैद्यकीय पदवी लावणे दंडनीय केले. तो निर्बंध अक्षरांचा होता. चिन्हाचा निर्बंध पुढे आला. १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स ॲक्टने रेडक्रॉस चिन्हाचा अनधिकृत वापर निषिद्ध केला. तरीही दवाखान्याच्या पाटीवर ते चिन्ह वैद्यकाचे सामान्य निदर्शक म्हणून रंगविले जाते. वस्तुतः ते युद्धकाळातील संरक्षणाचे चिन्ह आहे. डॉक्टराच्या अर्हतेशी त्याचा संबंध नाही.

अक्षर आणि चिन्ह यांचे असे स्वतंत्र नियमन का लागले, याचे उत्तर वाचकवर्गात सापडते. तालुक्याच्या न्यायालयात वा दवाखान्यात येणाऱ्या निरक्षर माणसास ‘प्लीडर’ आणि ‘मुखत्यार’ यांतील भेद पाटीवरून कळणे शक्य नव्हते. त्याच्यापुरते चिन्ह हेच लेखन होते. म्हणून चिन्हाचा गैरवापर हा त्याच्याशी केलेला खोटा लेखच ठरतो. नामाभिधान धारकाचा अधिकार कोठवर आहे ते सांगते. मुद्रा तो अधिकार कोणी दिला ते सांगते. सनद मिळालेल्याने मुद्राही आपलीच मानली, तर मोर्तबाने आखलेली सीमाच पुसली जाते.