भस्मपरीक्षा आणि रुप्याचे सूक्ष्म कण

रसग्रंथांच्या पोथ्या पुष्कळांच्या संग्रहीं असतात. पण बखरी व सनदा यांचें जें कौतुक होतें तें त्यांच्या वांट्यास येत नाहीं. अलीकडे मात्र त्यांची चौकशी होऊं लागली आहे. धातूंच्या अतिसूक्ष्म कणांनीं रोगजंतु मरतात असें प्रयोगशाळांत दिसून आल्यापासून, आपलीं भस्में म्हणजे हेंच, असें विधान सर्रास ऐकूं येतें. तें पोथ्यांच्या साक्षीनें तपासणें अवश्य आहे.

नव्या संशोधनाची हकीकत थोडक्यांत अशी. मिलिमीटरचा दशलक्षांश तो नॅनोमीटर. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत मुरली शास्त्री प्रभृतींनीं बुरशीच्या साहाय्यानें रुप्याचे असे कण सिद्ध केले व इ. स. २००१ मध्यें तें प्रसिद्ध केलें. आमच्या वर्ध्याच्या शेजारीं, अमरावती विद्यापीठांत, महेंद्र राय व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २००९ मध्यें रुप्याच्या जंतुनाशक कणांचा परामर्श घेतला. त्याच वर्षीं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील किशोर पाकणीकर प्रभृतींनीं ७ ते २० नॅनोमीटरचे कण असलेल्या, बाहेरून लावावयाच्या लेपाची माहिती छापली.

आतां रसरत्नसमुच्चय पाहूं. वाग्भटाच्या नांवावरील हा ग्रंथ सामान्यतः तेराव्या शतकांतील मानितात. त्यांत भस्माच्या परीक्षा दिल्या आहेत. स्थिर पाण्यावर तरंगतें तें वारितर. तरंगत्या भस्मावर धान्याचा दाणा ठेविला असतां तोही हंसासारखा तरला पाहिजे. आंगठा व तर्जनी यांत चोळलें असतां बोटांच्या रेषांत शिरतें तें रेखापूर्ण. ह्या परीक्षांवरून भस्म बारीक आहे इतकेंच ठरतें. किती बारीक, हें ठरत नाहीं.

खरें मर्म पुढील दोन परीक्षांत आहे. गूळ, गुंजा, मध, तूप व टांकणखार यांसह तापवूनही ज्यांतून धातु पुन्हां उठत नाहीं तें अपुनर्भव. रुप्याबरोबर तापविलें असतां रुप्याचें वजन वाढत नाहीं तें निरुत्थ. म्हणजे भस्मांत धातूनें धातुपण सोडलें पाहिजे. उलट, वर सांगितलेले कण धातुरूप रुप्याचेच आहेत, आणि त्यांतून सुटणारा विद्युद्भारित अंश जंतूंच्या शरीरांतील गंधकयुक्त प्रथिनांस जखडतो. दोन्ही वस्तु सूक्ष्म खऱ्या, पण एक नव्हत. हें विसरून कोणी चिघळलेल्या जखमेवर पोथींतलें ताम्रभस्म चोळील, ही भीति काल्पनिक नाहीं.

वर्ध्याजवळ सालोड येथें आयुर्वेद महाविद्यालय असून तेथें रसशास्त्र शिकवितात. पुटें किती द्यावयाचीं आणि भावना कोणत्या वनस्पतीच्या रसाची, यांविषयींचे पाठभेद अशा अभ्यासकांस हवे असतात. आपल्या सूच्यांत मात्र ग्रंथनाम व पत्रसंख्या यांपलीकडे कांहीं नसतें. संग्राहकांनीं निदान धातुमारणाचीं पत्रें तरी उतरून घ्यावीं, आणि पुटसंख्या आंकड्यांत लिहिली आहे कीं अक्षरांत, हेंही शेजारीं नमूद करावें.