कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे

उत्तनच्या किनाऱ्यावर परतणाऱ्या होड्यांची एक वही आहे, असे समजा. एका तारखेपुढे मासळीचा रकाना कोरा आहे. याचा अर्थ काय? होडी समुद्रात गेलीच नाही, जाळे रिकामे आले, की नोंद राहून गेली? तेथे ० असता, तर जाळे रिकामे आले हे तरी कळले असते. संगणकाच्या भाषांमध्येही अशी कोरी जागा आहे. तिला 'नल' म्हणतात.

१९६५ साली ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर 'अल्गोल डब्ल्यू' या भाषेची आखणी करत होते. माहितीचा प्रकार आधीच सांगितला, की तिचा चुकीचा वापर प्रोग्राम चालण्यापूर्वीच पकडता येतो, ही त्यामागची कल्पना. पण एका नोंदीकडून दुसरीकडे नेणारा दुवा कोरा ठेवण्याची मुभा त्यांनी दिली. ती देणे सोपे होते. पुढे अनेक भाषांनी ती उचलली. कोऱ्या दुव्यामागे गेलेला प्रोग्राम मात्र मध्येच कोलमडतो. २००९ साली होअर यांनीच या मुभेला आपली 'अब्ज डॉलरची चूक' म्हटले.

२०१६ साली मायक्रोसॉफ्टच्या 'टाइपस्क्रिप्ट' भाषेच्या २.० आवृत्तीत एक कडक तपासणी आली. जागा कोरी राहू शकत असेल, तर तसे स्पष्ट लिहायचे. जुने प्रोग्राम अडू नयेत म्हणून ती ऐच्छिक ठेवली गेली. मोठ्या जुन्या प्रोग्रामवर ती लावली, की ठिकठिकाणी आक्षेप निघतात. हाताने किती सुधारणार? म्हणून दुरुस्तीही यंत्राकडे सोपवली जाते. पण 'येथे कोरे नसतेच' अशी हमी देणारे उद्गारचिन्ह यंत्राने सगळीकडे लावले, तर आक्षेप मिटतात, धोका तसाच राहतो. प्रोग्राम चालताना ते चिन्ह काहीच तपासत नाही.

मग यंत्रावर विसंबायचेच नाही का? पवईच्या आयआयटीतील उदय खेडकर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. पुन्हा न लागणारे दुवे यंत्राने शोधायचे आणि तेथे स्वतःच 'नल' घालून अडकलेली स्मृती मोकळी करायची. मात्र त्यामुळे प्रोग्राम नव्याने कोलमडणार नाही, याची खात्री आधी करायची. येथे प्रश्न फक्त 'दुवा पुन्हा लागेल का?' एवढाच असतो, आणि त्याचे उत्तर प्रोग्राममधूनच काढता येते. कोरी जागा काय सांगते, हे मात्र त्यात लिहिलेले नसते.

वर्गात गुणपत्रक घेऊन पाहा. गैरहजर विद्यार्थ्यापुढे ० लिहिले, की वर्गाची सरासरी घसरते. कोरा रकाना यंत्र क्षणात दाखवील. विद्यार्थी गैरहजर होता की गुण लिहायचे राहिले, हे शिक्षकालाच सांगावे लागेल.